बातमी कुणी पाहिली, कुठून पाहिली? युक्रेनचं युद्ध घरबसल्या वाचताना

दोनेत्स्क प्रांतातलं सोलेदार हे मिठाच्या खाणींचं छोटं शहर. ते कधी पडलं? वॅग्नर या रशियन भाडोत्री फौजेच्या प्रमुखाने, प्रिगोझिनने, १० जानेवारी २०२३ च्या रात्रीच ते घेतल्याचं सांगून टाकलं. रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने १३ जानेवारीला जाहीर केलं. युक्रेनच्या लष्कराने माघार मान्य केली ती २५ जानेवारीला. शहर एक, तारखा तीन, आणि पहिल्या-शेवटच्या तारखेत पंधरवड्याचं अंतर.

२४ फेब्रुवारी २०२२ ला पूर्ण आक्रमण सुरू झाल्यापासून हा नमुना पुन्हापुन्हा दिसला आहे. रशिया आधी जाहीर करतो, युक्रेन उशिरा कबूल करतो आणि खरी घटना मधल्या कुठल्यातरी दिवशी घडून गेलेली असते. कधी कधी घडलेलीही नसते. कुप्यान्स्क ताब्यात आल्याचं रशियाच्या लष्करप्रमुखांनी २० नोव्हेंबर २०२५ ला पुतिन यांना सांगितलं; १२ डिसेंबरला झेलेन्स्की त्याच शहराच्या वेशीवरच्या नावाच्या खांबापाशी उभं राहून चित्रफीत काढत होते. म्हणून कुठलीही बातमी हाती आली की खरी की खोटी हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं: हे कुणी पाहिलं, कुठून पाहिलं, आणि पाहणाऱ्याला तिथून इतकं दिसणं शक्य होतं का?

सर्वांत आधी घड्याळ लावून घ्या, कारण निम्मे गोंधळ वेळेचे असतात. मॉस्को वर्षभर आपल्या अडीच तास मागे असतं. कीव्ह उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास मागे असतं, कारण युक्रेन मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतो. २ मार्च २०२२ ला भारतीय दूतावासाने खारकीव्हमधल्या भारतीयांना तातडीने शहर सोडून पिसोचिन, बाबाये आणि बेझल्युदिव्का इथे पोहोचायला सांगितलं होतं, 'संध्याकाळी सहापर्यंत'. ते सहा युक्रेनचे होते, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. ज्यांची मुलं तिकडे पायी निघाली होती त्या आईवडिलांसाठी हा साडेतीन तासांचा हिशेब किरकोळ नव्हता.

दिवसभर सतत बघत राहण्याची काहीच गरज नाही. रात्री किती ड्रोन आणि क्षेपणास्त्रं आली, त्यातली किती पाडली, याचा युक्रेनच्या हवाई दलाचा तक्ता टेलिग्रामवर त्यांच्या सकाळी येतो. तोवर आपली जेवणाची वेळ होत आलेली असते. वॉशिंग्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर द स्टडी ऑफ वॉर या संस्थेचा आढावा अमेरिकेच्या संध्याकाळी निघतो, तो आपल्याला सकाळच्या चहाबरोबर मिळतो. एवढी दोन टिपणं आणि आठवड्यातून एकदा नकाशा, यावर माझ्या मते सामान्य वाचकाचं उत्तम भागतं. दर तासाला बघितल्याने जास्त कळत नाही, फक्त अफवा आधी कळतात.

आता नकाशे. युक्रेनियन मंडळींचा 'डीपस्टेट' नकाशा सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात लाल म्हणजे रशियाच्या ताब्यातला भाग, हिरवा म्हणजे परत मिळवलेला आणि करडा म्हणजे कुणाचाच पक्का ताबा नसलेला. नवखा वाचक लाल रंगाकडे बघतो. खरी माहिती करड्या पट्ट्यात असते. ड्रोनांमुळे आता आघाडी ही रेघ राहिलेली नाही, दोन्ही बाजूंना काही किलोमीटर खोल असा पट्टा झाला आहे, ज्यात दिवसा गाडी फिरू शकत नाही आणि दोन-तीन सैनिकांची टोळी एखाद्या तळघरात आठवडाभर दडून राहते. अशा टोळीने गच्चीवर झेंडा लावून ड्रोनने चित्रण केलं, तर त्यावरून एवढंच सिद्ध होतं की त्या क्षणी तिथे माणूस पोहोचला होता. गाव घेतलं म्हणायला तो माणूस तिथे टिकायला हवा, त्याला पाणी-दारूगोळा पोहोचायला हवा आणि समोरच्याच्या तोफा त्या गावाबाहेरून मागे गेलेल्या दिसायला हव्यात.

वॉशिंग्टनच्या संस्थेचा नकाशा ताबा, आगेकूच आणि 'रशियाचा दावा' हे तीन थर वेगवेगळ्या रंगांत दाखवतो. ही संस्था उघडपणे युक्रेनच्या बाजूची आहे, पण थर वेगळे ठेवण्याची शिस्त पाळते. रशियाच्या बाजूचा 'रिबार' हा टेलिग्रामवरचा मोठा चॅनल त्यांच्या संरक्षण खात्यात काम केलेल्या माणसाने सुरू केलेला आहे. तोही बघा, आणि मुख्य म्हणजे तो रशियन मंत्रालयाच्या मागे कधी राहतो ते बघा. मंत्रालय गाव घेतलं म्हणतं आणि रिबारचा नकाशा अजून लढाई दाखवतो, असं झालं की मंत्रालयाने घाई केली असं खुशाल समजावं. तसंच उलट: डीपस्टेटने गाव लाल केलं आणि युक्रेनचं लष्कर अजून नाकारत असेल, तर बहुतेक वेळा गाव गेलेलं असतं. स्वतःच्या बाजूला न आवडणारी गोष्ट जो सांगतो, त्याचं वजन जास्त धरायचं. चार वर्षं हा नियम फारसा चुकलेला नाही.

गावांची नावं शोधताना दोन अडचणी येतात. एक, रशियन बातम्या सोव्हिएत काळातली नावं वापरतात: बाखमुत म्हणजे आर्त्योमोव्स्क, पोक्रोव्स्क म्हणजे क्रास्नोआर्मेय्स्क, तोरेत्स्क म्हणजे द्झेर्झिन्स्क. दोन, एकाच नावाची गावं जागोजागी आहेत; ओलेक्सांद्रिव्का तर अनेक प्रांतांत सापडेल. प्रांत आणि जवळचं शहर जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्षेत्रफळाचा अंदाज नसला की प्रत्येक बातमी प्रलयाची वाटते. युक्रेन ६ लाख ३ हजार चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. २०२४ च्या अख्ख्या वर्षात रशियाने घेतलेला मुलूख ४ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होता. एकटा पुणे जिल्हा साडेपंधरा हजारांच्या वर आहे. म्हणून 'आघाडी कोसळली' असा मथळा आला की किती चौरस किलोमीटर आणि किती दिवसांत, हे दोन आकडे आधी शोधायचे. मात्र तो मुलूख मिळवताना किती माणसं गेली ते चौरस किलोमीटरमध्ये दिसत नाही, याचंही भान असू द्यावं.

नकाशावर गावांपेक्षा पूल आणि रेल्वे बघायची सवय लावली तर पुढचं थोडंफार आधी कळू लागतं. खेरसोनचं उदाहरण बघा. हे शहर द्नीप्रो नदीच्या पश्चिम काठावर आहे आणि तिथल्या रशियन सैन्याची रसद अँतोनिव्काचा रस्त्याचा पूल, तिथलाच रेल्वेपूल आणि कखोव्का धरणावरचा रस्ता यांवरून येत होती. जुलै २०२२ पासून युक्रेनने अमेरिकेच्या हायमार्स अग्निबाणांनी या पुलांवर मारा सुरू केला. भोकं पडायची, रशियन अभियंते ती बुजवायचे, मग तराफे आणि होड्या आल्या. शहराजवळच्या आघाडीचा रंग या काळात फारसा हलला नाही आणि वाचक कंटाळले. ९ नोव्हेंबरला रशियाने माघार जाहीर केली, ११ ला युक्रेनचं सैन्य शहरात होतं. ज्यांनी पुलांची छायाचित्रं बघितली होती त्यांना याचा धक्का बसला नाही. पोक्रोव्स्कसाठी इतकी दीर्घ लढाई का झाली याचंही उत्तर तिथल्या रेल्वे जंक्शनात, तिथे मिळणाऱ्या रस्त्यांत आणि पोलादासाठी लागणाऱ्या कोळशाच्या जवळच्या खाणीत आहे.

आता चित्रफिती. समजा ग्रुपवर तीस सेकंदांची फीत आली: 'पोक्रोव्स्कच्या स्टेशनवर रशियन झेंडा'. ती लगेच पुढे पाठवू नका, थांबवा. सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं अशी तीन चित्रं स्क्रीनशॉटने काढा, आणि ज्यात पाटी, चिमणी, घुमट, पाण्याची टाकी असं काही ठळक दिसतं ती निवडा. संगणक असेल तर इन्व्हिड नावाचं ब्राउझरमध्ये बसवायचं फुकट साधन फितीचे असे तुकडे आपोआप पाडतं. ही चित्रं आधी गूगल लेन्सवर टाका, मग यांडेक्सवर. पूर्व युरोपातल्या इमारती यांडेक्स जास्त चांगल्या ओळखतं. तीच फीत दोन वर्षांपूर्वीच्या तारखेने सापडली तर काम तिथेच संपलं, आणि बऱ्याचदा ते तिथेच संपतं.

नाही सापडली तर जागा जुळवायची. गावाचं नाव विकिपीडियावरून सिरिलिक लिपीत उचला आणि त्या लिपीत शोधा. इंग्रजीत शोधलं तर चौथ्या हाताच्या बातम्या मिळतात. मग गूगलचा उपग्रह नकाशा आणि यांडेक्सची रस्त्यावरची दृश्यं उघडून स्थिर गोष्टी जुळवा. एक जुळली म्हणजे काहीच नाही. सोव्हिएत काळातल्या पाचमजली इमारती सगळीकडे सारख्याच दिसतात. रस्त्याचं वळण, छपराचा आकार, रुळांची संख्या अशा किमान तीन गोष्टी आणि त्यांचा एकमेकांशी कोन जुळला पाहिजे. चूक होते ती इथे: फीत आरशासारखी उलटवलेली असते, तेव्हा पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात का ते तपासा. नकाशातलं छायाचित्र युद्धाआधीचं असतं, त्यामुळे पडलेली इमारत त्यात उभी दिसते आणि माणूस जागा चुकीची समजून सोडून देतो. रस्ते आणि रूळ पडत नाहीत, त्यांच्यावर भर द्या.

वेळ जुळवायला झाडं आणि सावल्या. नोव्हेंबरच्या दाव्यात झाडं हिरवीगार असतील तर विषय मिटला. सनकॅल्क या संकेतस्थळावर जागा आणि तारीख टाकली की सूर्य कुठे होता ते कळतं. सावलीची दिशा घेऊन चित्रणाची वेळ अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने काढता येते. फोटोतली छुपी माहिती मात्र विसरा, कारण व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्राम फोटो पाठवताना ती काढून टाकतात.

स्फोटाच्या फितीत आवाज ऐका. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. लोट किलोमीटरभर लांब दिसतोय आणि उजेडाबरोबरच धमाका ऐकू येतोय, तर आवाज नंतर चिकटवला आहे किंवा ते दृश्य खेळातलं आहे. 'आर्मा ३' या संगणकीय खेळातली दृश्यं युद्धाची म्हणून इतकी फिरली की २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच खुलासा करावा लागला. हाच नियम उलटा वापरला तर स्फोट किती दूर झाला तेही मोजता येतं: उजेड दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद भागिले तीन, साधारण तितके किलोमीटर. शरण येणाऱ्या रडवेल्या सैनिकांच्या, कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या फिती आता फिरतात. त्यांत गणवेशावरच्या पट्ट्यांची अक्षरं कुठल्याच लिपीत बसत नाहीत आणि एखाद्या कोपऱ्यात फीत बनवणाऱ्या ॲपचा शिक्का पुसल्याचा धूसर डाग असतो.

एक्सवरची निळी खूण पाहून भुलू नका. ती आता पैसे भरून मिळते आणि जास्त बघितलं गेलं की पैसेही मिळतात, त्यामुळे 'ब्रेकिंग' ओरडणाऱ्यांचा तो धंदाच झाला आहे. त्याऐवजी जिओकन्फर्म्ड किंवा बेलिंगकॅटसारख्या मंडळींचं काम बघा. ते जागेचे अक्षांश-रेखांश देतात, तुम्ही स्वतः पडताळू शकता.

आकाशातून बघायची दोन फुकट साधनं कुणालाही वापरता येतात. पहिलं नासाचं फर्म्स. ते वणव्यांसाठी बनवलेलं आहे. जमिनीवरची उष्णता टिपून काही तासांत लाल ठिपके दाखवतं. ठिपका म्हणजे नेमकी जागा नव्हे, ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य. युद्धात तोफांच्या माऱ्याने पेटलेली शेतं आणि साठे यात दिसतात. पण आपल्याकडे ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट किंवा पंजाबातलं भाताचं काड जसं दिसतं, तसंच युक्रेनमधलं शेतकऱ्यांनी जाळलेलं काडही दिसतं, आणि पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या तर बारमाही दिसतात. म्हणून त्याच जागेचा २०२१ मधला तोच आठवडा उघडून बघायचा. तेव्हाही ठिपके तिथेच असतील तर ते युद्ध नाही. ढग असले तर ठिपके येतच नाहीत; हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे पाटी कोरी असते आणि लोक म्हणतात लढाई थंडावली.

दुसरं युरोपचं कोपर्निकस ब्राउझर. त्यातल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. रणगाडा त्यात दिसणार नाही, खड्डा क्वचित. पूल तुटलेला, तेलाची टाकी जळालेली, गाव राखाडी झालेलं, हे दिसतं. सरावासाठी कखोव्का घ्या. ते धरण ६ जून २०२३ ला फुटलं. मेच्या शेवटच्या आठवड्यातलं आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यातलं, कमी ढगांचं चित्र शेजारी शेजारी लावा. सुमारे १८ घन किलोमीटर पाण्याचा जलाशय होता. आपल्या हिशेबाने सव्वासहाशे टीएमसीच्या वर, म्हणजे सहा कोयना. दुसऱ्या चित्रात तिथे गाळ आणि मधून वाहणारी जुनी नदी दिसेल. ते डोळ्यांनी बघितलं की पाटाच्या पाण्यावर जगणाऱ्या दक्षिण युक्रेनच्या शेतकऱ्याचं काय झालं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

उपग्रहाने सगळ्यांत मोठा निवाडा केला तो कीव्हजवळच्या बुचा शहराच्या बाबतीत. रशियन सैन्य मार्च २०२२ च्या अखेरीस तिथून गेल्यावर रस्त्यावर प्रेतं सापडली. रशियाने सांगितलं की हा सगळा देखावा आपण गेल्यावर रचला. मॅक्सार कंपनीच्या मार्चमधल्या छायाचित्रांत, रशियन सैन्य तिथे असतानाच, याब्लुन्स्का रस्त्यावर तीच प्रेतं त्याच जागी दिसत होती. तिथे 'दोन्ही बाजू आपापलं म्हणतात' असं लिहून हात झटकणं हा तटस्थपणा नव्हे. पुरावा असताना तो न बघणं एवढंच त्याचं नाव.

तसंच युक्रेनच्या बाजूचंही तपासावं लागतं. पहिल्याच दिवशी काळ्या समुद्रातल्या झ्मीनी (सर्प) बेटावरचे सगळे १३ पहारेकरी मारले गेल्याचं जाहीर झालं. काही दिवसांतच ते जिवंत, रशियाच्या कैदेत असल्याचं कळलं. 'कीव्हचं भूत' नावाचा रशियन विमानं पाडणारा वैमानिक ही दंतकथा असल्याचं त्यांच्याच हवाई दलाने ३० एप्रिल २०२२ ला सांगितलं. आणि घाईचं सर्वांत धोकादायक उदाहरण १५ नोव्हेंबर २०२२ चं. पोलंडच्या प्शेवोदुव गावात क्षेपणास्त्र पडून दोन माणसं गेली. एका मोठ्या वृत्तसंस्थेने एका निनावी अधिकाऱ्याच्या भरवशावर ते रशियाचं असल्याची बातमी दिली आणि काही तास नाटो युद्धात ओढलं जाणार का ही चर्चा जगभर चालली. दुसऱ्या दिवशी नाटोनेच सांगितलं की ते बहुधा युक्रेनच्या हवाई संरक्षणाचं होतं. एक निनावी सूत्र म्हणजे शून्य सूत्र धरा आणि दोन दिवस थांबा.

मृतांच्या आकड्यांत मराठी मथळे सर्वाधिक चुकतात. युक्रेनचं लष्कर रोज रशियाच्या 'हानी'चा आकडा देतं. १२ जून २०२५ ला तो १० लाखांच्या पुढे गेला. त्यात मेलेले आणि जखमी दोन्ही आहेत. '१० लाख रशियन सैनिक ठार' हे साफ चूक. मेदियाझोना हे रशियन वृत्तस्थळ आणि बीबीसीची रशियन सेवा शोकसंदेश, थडगी, स्थानिक बातम्या तपासून नावानिशी यादी करतात. ती २०२५ च्या मध्यापर्यंत १ लाखाच्या वर गेली होती. ही यादी म्हणजे 'निदान इतके तरी', एकूण नव्हे. युक्रेनच्या बाजूने झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ३१ हजार आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४३ हजार सैनिक मारले गेल्याचं सांगितलं. बेपत्ता माणसांचा हिशेब वेगळा. संयुक्त राष्ट्रांचा नागरिकांचा आकडा पडताळलेल्या मृत्यूंचाच असतो, त्यामुळे मारिउपोलसारखं निरीक्षकांना जाता न आलेलं शहर त्यात खऱ्यापेक्षा कमी दिसतं. रणगाडे-तोफांसारख्या यंत्रसामग्रीसाठी ओरिक्स या संकेतस्थळाची यादी सर्वांत भरवशाची: छायाचित्र असेल तरच नोंद, आणि नष्ट, नादुरुस्त, सोडून दिलेलं, पकडलेलं असे चार रकाने. अर्थात छायाचित्र नसलेलं त्यात येत नाही. युक्रेनमध्ये लष्करी ठिकाणी झालेल्या माऱ्याची छायाचित्रं टाकायला बंदी आहे, म्हणून तिथलं नुकसान कमी दिसतं. रशियाची निवेदनं तर ठरलेल्या साच्याची: 'सर्व ड्रोन पाडले, अवशेष पडून आग लागली'. एवढी मोठी आग लागायला केवढे अवशेष लागतात, ते फर्म्सवर बघून घ्यावं.

ड्रोनांचा तक्ता वाचतानाही टक्केवारीवर जाऊ नका. ६-७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रशियाने ८१० ड्रोन सोडले. त्यात स्फोटकं भरलेल्या शाहेद ड्रोनांबरोबर फसवे, बिनस्फोटकांचे स्वस्त ड्रोनही असतात आणि 'पाडले' या रकान्यात जॅमिंगने, म्हणजे रेडिओ लहरींत अडथळा आणून, भरकटवलेले धरलेले असतात. नव्वद टक्के पाडले हे वाक्य खरं असूनही उरलेल्या दहांत एखाद्या शहराची वीज जाऊ शकते. किती आले यापेक्षा किती ठिकाणी आणि कशावर पडले, ही तक्त्यातली शेवटची ओळ महत्त्वाची.

राजकारणाच्या बातम्यांत घोषणा, मंजुरी आणि पोहोच या तीन वेगळ्या तारखा असतात. अमेरिकेने ३१ अब्राम्स रणगाडे जाहीर केले २५ जानेवारी २०२३ ला. पहिले पोहोचले सप्टेंबरमध्ये. एफ-१६ विमानं द्यायला हिरवा कंदील मिळाला ऑगस्ट २०२३ मध्ये; ती युक्रेनच्या आकाशात झेलेन्स्की यांनी दाखवली ४ ऑगस्ट २०२४ ला. सुमारे ६१ अब्ज डॉलर्सची मदत ऑक्टोबर २०२३ मध्ये मागितली गेली, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात २० एप्रिल २०२४ ला मंजूर झाली. या मधल्या सहा महिन्यांत युक्रेनच्या तोफांना गोळे पुरेनात आणि १७ फेब्रुवारीला पूर्वेचं अव्दीव्का शहर सोडावं लागलं. वॉशिंग्टनमधल्या मतदानाची बातमी आणि आघाडीचा नकाशा एकाच वहीत लिहिला तरच हा धागा दिसतो. जर्मनीच्या कील इन्स्टिट्यूटचा तक्ता जाहीर मदत आणि प्रत्यक्ष नेमून दिलेली मदत वेगळी दाखवतो, तो जरूर बघा.

संयुक्त राष्ट्रांतलं मतदान आपल्याकडे 'भारताने रशियाला पाठिंबा दिला' किंवा 'विरोध केला' असं सांगितलं जातं. २ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ बाजूने, ५ विरोधात, ३५ तटस्थ असा निकाल लागला. भारत त्या ३५ मध्ये होता. तटस्थ राहणं, विरोधात मत देणं आणि गैरहजर असणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मतदानानंतर भारताचे प्रतिनिधी आपली भूमिका वाचून दाखवतात. ते दीड पानी निवेदन वाचलं की टीव्हीवरच्या चर्चेची गरज उरत नाही. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो हेही लक्षात असू द्या. २४ फेब्रुवारी २०२५ ला युक्रेनच्या ठरावाला ९३ मतं मिळाली आणि अमेरिकेने विरोधात मत दिलं. तीन वर्षांत किती पाणी वाहून गेलं ते या दोन आकड्यांत आहे.

स्वतःच्या सरकारबद्दलचे दावे याच कसोटीला लावायला हवेत. 'भारतीय विद्यार्थ्यांसाठी रशियाने सहा तास युद्ध थांबवलं' हे तेव्हा पसरलं आणि २०२४ च्या लोकसभा प्रचारातही ऐकू आलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी ३ मार्च २०२२ च्या पत्रकार परिषदेत मात्र कुणी बॉम्बफेक थांबवली आहे हे म्हणणं बरोबर नसल्याचं सांगितलं होतं. ऑपरेशन गंगाने हजारो भारतीयांना परत आणलं हे मोठंच काम आहे. त्याला दंतकथेची जोड लागत नाही.

पेट्रोलपंपावरचा दर हा युद्धाचा ताप मोजायचा थर्मामीटर नाही. ७ मार्च २०२२ ला ब्रेंट हे जगाच्या बाजारातलं कच्चं तेल पिंपाला १३९ डॉलर्सपर्यंत गेलं, तरी आपल्याकडचे दर नोव्हेंबर २०२१ पासून जागचे हलले नव्हते. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या, आणि २२ मार्चपासून रोज ८० पैसे असं करत पंधरवड्यात १० रुपये वाढले. मे महिन्यात केंद्राने उत्पादनशुल्क आणि जुलैमध्ये महाराष्ट्राने व्हॅट कमी केला. दर वाचायचा तर ब्रेंट, डॉलर, कर आणि निवडणुकीचं वेळापत्रक, चारही शेजारी ठेवा.

एक गोष्ट थेट आपल्या गावांपर्यंत येते. रशियात 'मदतनीस' म्हणून नोकरी सांगून तरुणांना सैन्यात भरती केल्याची प्रकरणं घडली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा १२६ भारतीयांची माहिती दिली, त्यातले १२ मरण पावले होते आणि १६ बेपत्ता होते. ओळखीत कुणाला अशी 'संधी' आली तर एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा आणि रशियन भाषेतल्या करारावर भाषांतर वाचल्याशिवाय सही करू देऊ नका.

युद्धकैद्यांच्या फिती पुढे पाठवू नका. जिनिव्हा करार कैद्याला लोकांच्या कुतूहलापासून संरक्षण देतो, आणि कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या कैद्याच्या मागे बंदूक असते, त्यामुळे माहिती म्हणूनही ती शून्य किमतीची.

शेवटी शस्त्रसंधी. घोषणा झाली की चार गोष्टी शोधा: कुठल्या घड्याळाने सुरू, कुठली शस्त्रं बंद, आघाडीची रेघ कुठली धरली, आणि उल्लंघन मोजणार कोण. पुतिन यांनी १९ एप्रिल २०२५ ला ईस्टरसाठी मॉस्कोच्या संध्याकाळी सहापासून ३० तासांचा विराम जाहीर केला. मोजणारं कुणीच नव्हतं, आणि तो संपेपर्यंत दोघांनी एकमेकांवर उल्लंघनाचे आरोप करून झाले होते. २०१४ पासून मार्च २०२२ पर्यंत मात्र पूर्व युक्रेनच्या दोनबास भागात ओएससीई या युरोपीय संघटनेचे निरीक्षक होते आणि त्यांचे दैनंदिन अहवाल अजून संकेतस्थळावर आहेत. किती स्फोट ऐकले, कुठे उभं राहून, कुठल्या दिशेला, किती किलोमीटरवर, आणि कुठल्या नाक्यावर अडवलं गेलं, एवढंच त्यांत लिहिलेलं असतं. ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं ठेवलेलं असतं. २७ जुलै २०२० ला लागू झालेल्या शस्त्रसंधीनंतरचा आठवडा वाचा, आणि मग १७ फेब्रुवारी २०२२ पासूनचा. दुसऱ्या आठवड्यात स्फोटांचे आकडे एका दिवसात उसळी घेतात, आणि २४ तारखेला अजून सात दिवस बाकी असतात.